मे महिन्याची सुटी आणि आईचा मोगरा

मास्तर मंडळींना बागकामाला वर्षातून दोनदाच फुरसत मिळते : एक दिवाळीची सुटी आणि दुसरी मे महिन्याची. पैकी पहिली झाडांना मानवते. दुसरीने मात्र आमच्या घरी एकदा अनर्थ केला.

आम्ही शिरपूरचे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, गावाला लागून अरुणावती. पण उन्हाळ्यात ह्यांपैकी कुणीही मदतीला येत नाही. पारा सहज ४२-४४ अंशांवर जातो. अशा २०१४ सालच्या मे महिन्यात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे झाल्याच्या आनंदात, मी नवी कात्री घेऊन आईच्या मोगऱ्यावर चालून गेलो. झुडूप फार पसरले होते, जाता-येता अंगाला घासत होते. तासाभरात ते गुडघ्याएवढे, सुबक केले. आठवड्याने कोवळे फुटवे आले आणि उन्हाने करपून काळे पडले. आतल्या फांद्यांना पानांची सावली होती, ती मीच काढून टाकली होती, साली तडकल्या. आई रोज देवाला त्याच मोगऱ्याची फुले वाहत असे. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून बाजारातून पुडी आणू लागली. ते मात्र मला लागले.

शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्याने ते पाहून अहिराणीत मला जे सुनावले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. त्यातला उपयुक्त भाग तेवढा सांगतो. मोगरा नव्या फुटीवर फुलतो; तेव्हा ती फूट कधी यायला हवी हे पाहून कात्री चालवायची. डिसेंबरअखेर पाणी तोडायचे, झुडूप पंधरा दिवस ताणावर ठेवायचे, संक्रांतीच्या सुमारास दीड फुटावर छाटायचे, पाने खुडायची, मग शेणखत आणि पाणी. ऊन तापण्याच्या आत पाने दाट होतात व होळीच्या आसपास कळ्या दिसू लागतात.

गुलाबाचे काम हा अंक हाती पडेल तेव्हाच. पाऊस उघडला, दसरा झाला, की वाळक्या व किडक्या फांद्या काढाव्या. उरलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूच्या डोळ्यावर पाव इंच ठेवून तिरप्या कापाव्या आणि कापाला बोर्डो मलम लावावे. सुमारे दीड महिन्यात फूल येते. कलमाच्या जोडाखालची रानटी फूट मात्र दिसेल तेव्हा मुळापासून काढावी. तिला मुहूर्त नको. पारिजातकाला श्रावणात हात लावू नये. अंगणातला सडा संपला, की मग खुशाल छाटा.

मग मेच्या सुटीत करायचे काय? खड्डे खणावे! आमची काळी जमीन तेव्हा भेगाळलेली असते. दीड फुटाचा खड्डा घाम काढतो खरा, पण उन्हाने चांगला तापून निघतो. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर माती, शेणखत व वाळू मिसळून तो भरावा आणि रोप लावावे. वाळूचा कंटाळा करू नये. काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात आणि आपण दोष देतो रोपवाटिकेला. चाफ्याची फांदी कापून, चीक सुकेपर्यंत आठवडाभर सावलीत ठेवणे, हेही ह्याच सुटीतले काम.

आईचा मोगरा मेला नाही. पावसात बुंध्यातून दोन फुटवे आले. परडी भरायला मात्र दोन वर्षे गेली. आता संक्रांतीला छाटणी असते तेव्हा आई शेजारी खुर्ची टाकून बसते. कात्री माझ्या हातात असते. कोणती फांदी, ते ती सांगते.