जुन्या मोटारीची मागील काच

शाडूची मूर्ती घडविणारा पेणचा कारागीर ओल्या मातीवर रंग चढवीत नाही. मूर्ती आतून पुरती वाळल्यावाचून कुंचला हाती घ्यावयाचा नाही, हा त्या धंद्यातील पहिला धडा होय. वरचा रंग कितीही सुरेख असला, तरी आतली ओल आज ना उद्या तो सोलून काढते. याच पेण शहरात, आणि तेथून दक्षिणेस कुंडलिकेच्या काठी वसलेल्या रोह्यात, एखाद्या जुन्या घराच्या पडवीत वडिलांच्या वेळची फियाट अथवा प्रीमियर पद्मिनी मोटार उभी असते. तिच्या मागील भागाची दुरुस्ती करताना मात्र हा धडा सहज विसरला जातो. मागील सीटच्या पाठीमागची फळी कुजली, दाराचे रेक्झिन सुटले, की मालक प्रथम सीटवाल्याकडे धाव घेतो. नवी फळी येते, नवे रेक्झिन येते. आणि पुढल्या श्रावणात तीही फळी फुगलेली पाहून तो कारागिरास बोल लावतो. वस्तुतः दोष फळीचा नसतो, आणि कारागिराचाही नसतो. रोग असतो काचेभोवतीच्या रबरात. फळीवर दिसते ते केवळ त्याचे लक्षण.

या मोटारीचे मोल आज निराळे झाले आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाट 1100 ही मोटार तयार होत असे. तिचा 1964 सालचा ‘डिलाइट’ हा अवतार पुढे 1974 च्या सुमारास ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घरोघर पोहोचला. चालू शतकाच्या आरंभी तिचे उत्पादन थांबले. आणि टॅक्सींना असलेल्या 20 वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. आता उरल्या त्या घरोघरी जपलेल्या मोटारी. पहिल्या नोंदणीस 50 वर्षे उलटलेल्या खाजगी मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद करण्याची सोय केंद्र सरकारने 2021 साली केली. परंतु त्यासाठी मोटारीचा सांगाडा, तिचा पत्र्याचा देह व तिचे इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. म्हणजे आज फळीखाली लपून पत्रा खाणारा गंज उद्या त्या मोटारीची ओळखच पुसून टाकू शकतो.

रायगड जिल्ह्यात पावसाची वार्षिक सरासरी 3,000 मिलिमीटरच्या घरात जाते. त्यातही पेणचा खारेपाट म्हणजे खाडीच्या भरतीने वेढलेला, मिठागरांचा प्रदेश. निव्वळ पाण्याने लोखंड गंजते खरे. पण पाण्यात मीठ मिसळले म्हणजे त्यातून विद्युत्-रासायनिक क्रिया अधिक सुलभतेने चालते आणि गंजण्याचा वेग वाढतो. पुढील काचेवरून ओघळणारे पाणी आत आले तर चालकाच्या पायावर पडते, आणि लगेच कळते. मागील काचेतून झिरपणारे पाणी फळीखाली, सीटच्या काथ्यात व डिकीच्या तळाशी निमूटपणे साचत राहते. ते कळते कुबट वासाने. आणि तोवर दोनतीन पावसाळे उलटून गेलेले असतात.

हे पाणी येते कोठून? या मोटारीची मागील काच पत्र्यास चिकटविलेली नसते. तिच्याभोवती रबराची एक पट्टी असते व त्या पट्टीस दोन खाचा असतात. एका खाचेत काचेची कड बसते, तर दुसरी खाच पत्र्याच्या काठास धरून ठेवते. नैसर्गिक रबर ऊन व हवेतील ओझोन यांच्यामुळे कालांतराने कडक होते व त्यास बारीक चिरा पडतात. अशा रबरावर तेल अथवा ग्रीस चोळून चकाकी आणण्याची पद्धत सर्वथा घातक होय. तेलाने रबर फुगते आणि त्याची पकड सैल पडते.

काचेचा स्वभावही समजून घेतला पाहिजे. पुढील काच दुपदरी असते. दोन काचांच्या मध्ये लवचीक पारदर्शक पडदा असल्यामुळे ती तडकली तरी तुकडे जागीच चिकटून राहतात. मागील काच बहुधा कडक केलेली, म्हणजे ‘टफन्ड’ असते. ती सुमारे 620 ते 650 अंश सेल्सियसपर्यंत तापवून हवेच्या झोतांनी एकाएकी थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकुंचन पावतो, आणि त्या ओढीने पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो. त्यामुळे ती साध्या काचेपेक्षा कितीतरी अधिक मार सोसते. पण एकदा का त्या दाबाचा तोल बिघडला, की संपूर्ण काच क्षणार्धात बोथट दाण्यांत विखुरते. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. अशी काच कडक केल्यानंतर कापता येत नाही. आणि तिची कड हेच तिचे मर्मस्थान असते.

म्हणूनच वाकदार काच मिळत नाही असे पाहून, खिडकीची साधी काच किंवा प्लॅस्टिकचा पत्रा कापून बसविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मागील सीटवर बहुधा घरातील मुलेच बसतात. साधी काच फुटली तर तिचे सुऱ्यासारखे तुकडे नेमके त्यांच्या मानेपाशी येतात. काच घेताना तिच्या कोपऱ्यावरील सुरक्षा-काचेची खूण पाहावी. वाहनांच्या काचेसाठी आयएस 2553 (भाग 2) हे भारतीय मानक आहे. कुर्ल्याच्या जुन्या सामानाच्या बाजारात मूळ काच मिळाली, तर तिची कड बोट फिरवून तपासावी. कडेला टवका उडालेली काच, मग ती कितीही स्वस्त असो, घेऊ नये. नव्या काचेवर काळी फिल्म चढविण्याचाही बेत करू नये. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागील काचेतून किमान 70 टक्के व बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश पार झाला पाहिजे.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम. त्यासाठी होळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. उन्हाने नवे रबरही मऊ पडते. प्रथम मागील सीट, नंतर तिची पाठ, त्यानंतर काचेखालची फळी काढावी. छताच्या अस्तराची कड पुष्कळदा काचेच्या चौकटीवरच चिकटविलेली असते. ती हलक्या हाताने सोडवावी. जुने रबर वाचविण्याची हाव धरू नये. बाहेरच्या बाजूने ते सुरीने कापून काढले की काच मोकळी होते. लोखंडी पेचकसाने ती उचकटणे म्हणजे तिच्या मर्मावरच घाव घालणे होय.

काच निघाली की खरे काम उघडे पडते. चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत गंज सापडावयाचाच. तो लखलखीत पत्रा दिसेपर्यंत खरवडून काढावा. पत्र्यास भोके पडली असतील तर तेथे पुटी न भरता नवा पत्रा जोडून घ्यावा, कारण पुटीखाली गंज चालूच राहतो. मग प्रायमर व रंग देऊन तो पुरता वाळू द्यावा. मूर्तिकाराचा धडा येथे कामी येतो.

पुढची युक्ती जुन्या कारागिरांची, आणि तितकीच सोपी. नवे रबर काचेभोवती चढवावे व त्याच्या मोकळ्या खाचेत एक मजबूत गुळगुळीत दोरी सर्वत्र बसवून तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी मोटारीच्या आत सोडावी. खाचेस साबणाचे पाणी लावावे. एकाने बाहेरून तळहाताने काच दाबून धरावी, दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढावी. दोरी निघते तसतशी रबराची आतली कड पत्र्यावर उलटून बसत जाते. हे एकट्याचे काम नव्हे. रबर व पत्रा यांमध्ये भरावयाचा मसाला न कडकणारा, ब्यूटिलचा असावा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारा सिलिकॉन वापरू नये. वाळताना त्यातून निघणारे आम्ल पत्र्यालाच गंजविते.

यानंतर फळी बसविण्याची घाई करू नये. एकाने आत विजेरी घेऊन बसावे, दुसऱ्याने बाहेरून पाणी सोडावे. तेही खालच्या कडेपासून आरंभ करून क्रमाक्रमाने वर. वरून एकदम पाणी ओतले तर ते नेमके कोठून शिरले हे उमगत नाही.

मागील दारांची गोष्ट मात्र वेगळी आहे. वरखाली होणाऱ्या काचेलगत थोडे पाणी दाराच्या पोटात उतरणारच; ते तळाच्या भोकांतून बाहेर जावे अशीच योजना असते. ही भोके चिखलाने बुजली म्हणजे दार आतून कुजते. ती तारेने मोकळी करावी आणि दाराच्या पत्र्यावर, आतील फळीच्या मागे, जाड प्लॅस्टिकचा कागद चिकटवावा. त्याची खालची कड दाराच्या पोटात वळवावी, म्हणजे पाणी फळीकडे न येता आतल्या आत खाली जाते.

सर्वांत शेवटी फळ्या. जुनी फळी मोडकी असली तरी टाकू नये. नव्या फळीचा नमुना तीच. साध्या हार्डबोर्डऐवजी पाणी न शोषणारे पातळ प्लायवुड घ्यावे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंस, विशेषतः कापलेल्या कडांस व क्लिपांच्या भोकांस, वॉर्निश द्यावे. मग त्यावर रेक्झिन ताणावे.

अशा रीतीने जे काम डोळ्यांस प्रथम दिसते, ते हाताने सर्वांत शेवटी करावयाचे असते. या क्रमास दोन दिवस अधिक लागतात खरे, पण पुढल्या श्रावणात वडखळच्या रस्त्यावर धो धो पाऊस कोसळत असता मागच्या सीटवरील मुले कोरडी राहतात, आणि त्यांच्या आजोबांची मोटार भंगारात न जाता त्यांच्याही हाती येते.