भाषा शिकविणारें कार्ड : मंगळवेढ्याच्या बाजारांतून एक विचार

परकी भाषा शिकविणारीं ॲपें आज इतकीं झालीं आहेत कीं, त्यांत आपण आणखी एकाची भर घालणार असें कोणी म्हटलें, तर ऐकणारा आधीं हंसतो. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. आठवला तर पुढें चला, न आठवला तर पुन्हां पाहा. एवढ्या साध्या कल्पनेवर शेंकडों दुकानें उभीं असतां नव्या दुकानदारानें गिऱ्हाइकाला काय म्हणून बोलवावें? आजच्या भाषणाचा हाच प्रश्न आहे. आणि तो मोठ्या शहराऐवजीं सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्यास नेऊन सोडवावा, असें मला वाटतें.

मंगळवेढें तालुक्याची सीमा कर्नाटकाच्या विजयपूर जिल्ह्याला लागून आहे. बाराव्या शतकांत कलचुरी राजा बिज्जळ याच्या पदरीं असतां बसवेश्वर येथें राहिले. त्यांचीं वचनें कानडींत आहेत. चौदाव्या शतकांत गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला, तोहि याच गांवीं. त्यांचे अभंग मराठींत आहेत. दोन भाषांचा हा शेजार पुस्तकांतला नव्हे. कानडी माहेरची मुलगी लग्न होऊन या बाजूला येते. तिचें मूल शाळेंत मराठी शिकतें, उन्हाळ्याच्या सुटींत आजोळीं जातें, आणि आजी मायेनें जें बोलते तें त्याला उमगत नाहीं. आरोग्यकेंद्रांत एखादी वृद्धा आपलें दुखणें कानडींत सांगूं लागते, आणि परिचारिकेला बाहेरच्या बांकावर बसलेल्या कोणाला तरी दुभाषा म्हणून बोलवावें लागतें. जें दुखणें चारचौघांत सांगण्यासारखें नसतें, तें मग सांगायचेंच राहून जातें.

आतां अशी कल्पना करूं कीं, याच गांवांतील एका तरुणानें मराठी माणसाला कानडी व कानडी माणसाला मराठी शिकविणारें कार्डांचें ॲप काढावयाचें ठरविलें आहे. त्याला आपण काय सल्ला द्याल?

प्रथम हें यंत्र आंतून कसें चालतें तें पाहूं. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ सालीं आपला स्मृतीविषयींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरें स्वतःच पाठ करून तीं किती वेळानें किती विसरतात, हें त्यानें मोजलें. पाठ केलेलें प्रथम झपाट्यानें विसरतें, मग विसरण्याचा वेग मंदावतो. आणि एकाच बैठकींत घोकण्यापेक्षां थांबून थांबून केलेली उजळणी अधिक टिकते, असें त्याला आढळलें. १९७२ सालीं सेबास्टियन लाइटनर यानें त्यावरून घरगुती युक्ति सांगितली. कप्पे असलेली एक पेटी घ्यावी. शब्द आठवला कीं कार्ड पुढच्या कप्प्यांत टाकावें, न आठवला कीं पहिल्या कप्प्यांत परत आणावें, आणि पुढचे कप्पे अधिकाधिक दिवसांनीं उघडावे. पुढें १९८७ सालीं पोलंडांतील प्योत्र वोझ्न्याक यानें हेंच गणित संगणकावर चढविलें. त्याच्या रीतींत पहिली उजळणी १ दिवसानें, दुसरी ६ दिवसांनीं, आणि त्यानंतर उत्तर बरोबर येत गेल्यास प्रत्येक अंतर साधारण अडीच पट, म्हणजे १५ दिवस, मग ३८ दिवस, असा क्रम लागतो.

दुसरी गोष्ट वाचणें व आठवणें यांतील भेदाची. २००६ सालीं रोडिगर व कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्या केल्या. एकीनें उतारा पुन्हां वाचला, दुसरीनें तो न पाहतां आठवून लिहिला. पांच मिनिटांनीं परीक्षा घेतली तेव्हां वाचणारे सरस ठरले. आठवड्यानंतर घेतली तेव्हां आठवणारे पुढें गेले. आपल्याकडे पंतोजी पाढे म्हणून घेत, पुस्तक पाहूं देत नसत, त्यांत हेंच तत्त्व होतें.

हें सर्व ज्ञान आज उघडें आहे. वोझ्न्याकची रीत छापलेली आहे. डेमियन एल्म्स यांनीं २००६ सालीं काढलेलें ‘अंकी’ हें ॲप अशाच रीतीवर उभें राहिलें, आणि त्याची घडण कोणालाहि पाहतां येते. म्हणूनच तर गर्दी झाली! जें गणित सर्वांच्या हातीं आहे, त्याच्या जोरावर कोणीच वेगळा दिसूं शकत नाहीं. रंगीत चित्रें, पदकें व टाळ्यांचे आवाज यांनींहि फार काळ निभत नाहीं. आज एकानें लावलेलें तोरण उद्यां शेजारी लावतो.

परंतु या दुकानांचा आरंभ कसा झाला तें पाहिलें म्हणजे वाट सांपडते. ‘क्विझलेट’ हें अँड्र्यू सदरलंड या शाळकरी मुलानें २००५ सालीं स्वतःच्या फ्रेंच शब्दांच्या परीक्षेसाठीं तयार केलें. वोझ्न्याकला इंग्रजी शब्द लक्षांत ठेवावयाचे होते. एल्म्स जपानी शिकत होते, आणि ‘अंकी’ हा शब्दहि पाठांतर या अर्थाचा जपानीच आहे. सर्व जगाला शिकवावें म्हणून यांपैकीं कोणीहि बसला नव्हता. प्रत्येकाला एका माणसाची एक अडचण सोडवावयाची होती. मंगळवेढ्याच्या तरुणाला माझें पहिलें सांगणें हेंच कीं, त्यानें ‘भाषा शिकणारा’ असा निराकार गिऱ्हाईक डोळ्यांपुढें ठेवूं नये. ती परिचारिका ठेवावी, तें आजोळीं जाणारें मूल ठेवावें, बाजारांत धान्य घेऊन आलेला शेतकरी ठेवावा. परिचारिकेचें पहिलें कार्ड ‘सफरचंद’ नसेल; होट्टे म्हणजे पोट, एदे म्हणजे छाती, नोवु म्हणजे दुखणें, हीं तिचीं कार्डें होत. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. त्या ज्वारीच्या व्यवहारांत ‘जोळ’ हा शब्द पहिल्याच दिवशीं लागेल, ‘विमानतळ’ कदाचित् वर्षानेंहि लागणार नाहीं.

दुसरें सांगणें असें कीं, दोन शेजारणींच्या मध्यें इंग्रजीला बसवूं नये. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ चा, किटेलचा कानडी कोश १८९४ चा. दोन्ही थोर, पण दोन्ही अर्थ सांगतात ते इंग्रजींत. ॲपें काढणारे सोयीसाठीं तोच मार्ग धरतात आणि वाटेंत माल सांडतात. आपण तांदूळ वेगळा म्हणतों व भात वेगळा; कानडींतहि अक्कि वेगळी व अन्न वेगळें. इंग्रजीला मात्र दोहोंस एकच शब्द पुरतो. त्या एका शब्दावरून पलीकडे गेलेला शिकाऊ माणूस वाण्याच्या दुकानांत शिजलेला भात मागूं लागला, तर नवल नाहीं. आपल्या एका काकाचे कानडींत दोन होतात : वडिलांहून लहान तो चिक्कप्प, मोठा तो दोड्डप्प. उलट, ‘मला पाणी पाहिजे’ हें वाक्य घ्या. कानडींत तें ‘ननगे नीरु बेकु’. मला, पाणी, पाहिजे, असा शब्दाला शब्द जुळतो. नको म्हणावयाचें तर शेवटीं ‘बेड’ म्हणावें कीं झालें. मराठी माणसाच्या घरांत ही वाक्यरचना आधींच मांडून ठेवलेली आहे, हें इंग्रजींतून शिकविणारा त्याला कधींच सांगणार नाहीं.

शेजाराला फसवे शब्दहि असतात, आणि त्यांचीं कार्डें निराळीं काढलीं पाहिजेत. कानडींत ‘हत्ति’ म्हणजे कापूस, आणि आपला हत्ती तो तेथें ‘आने’ होतो. ‘मूगु’ हें नाक आहे, धान्य नव्हे. ‘कडुबु’ हें पाहुण्याच्या पानांत वाढावयाचें पक्वान्न, तर आपला कडबा बैलापुढें टाकावयाचा. येथें घोटाळा करून चालणार नाहीं. असें कार्ड एकदां पाहिलेला माणूस हंसतो, आणि हंसला म्हणजे तो शब्द विसरत नाहीं.

तिसरें सांगणें ध्वनीविषयीं आहे, आणि तें सांगावयास ध्वनिक्षेपकाइतकी सोयीची जागा नाहीं. कानडींत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वहि आहेत व दीर्घहि. मी आतां दोन शब्द उच्चारतों : पहिला, ए आंखूड ठेवून, बेळे, म्हणजे पीक, दुसरा, ए लांबवून, बेळे, म्हणजे डाळ. आपल्या कानांना फरक कळला असेल. हेंच भाषण पुढें छापलें जाईल, तेव्हां वाचकाला दोन्ही शब्द सारखेच दिसतील, कारण आपल्या नेहमींच्या लेखनांत या ऱ्हस्व स्वरांना जागा नाहीं. तसेंच कोडु : ओ ऱ्हस्व असतां दे, आणि दीर्घ असतां शिंग. म्हणून या जोडीच्या कार्डावर माणसाचा आवाज हा अलंकार नव्हे, तो अर्थाचाच भाग आहे. लिपि शिकविण्याचें कामहि त्याच वेळीं सुरू व्हावें, कारण कानडी लिपींत हा भेद डोळ्यांना दिसतो.

तो आवाज कोणाचा असावा? पुस्तकी कानडींत ‘आहे’ याला ‘इदे’ म्हणतात. विजयपुराकडे बाजारांत ‘ऐति’ ऐकूं येतें. घराला पुस्तकांत ‘मने’, तिकडच्या तोंडीं ‘मनी’. दूरच्या राजधानींत बसून केलेलें ॲप पहिलें रूप शिकवील आणि शिकणारा बाजारांत भांबावेल. दोन्ही रूपें द्यावीं; एकावर ‘कचेरींत’ व दुसऱ्यावर ‘बाजारांत’ अशी खूण असावी. आवाज त्या भागांतील स्त्रीपुरुषांचे घ्यावे, त्यांची संमति घ्यावी, आणि त्यांना मोबदला द्यावा. हें भांडवल मोठ्या कंपनीला सहजासहजीं उचलतां येणार नाहीं, कारण तें पैशांनीं कमी व ओळखीनें अधिक जमतें.

कानडी माणसाला मराठी शिकवितांना अडचणी वेगळ्या. कानडींत निर्जीव वस्तु सामान्यतः नपुंसकलिंगीच. आपल्याकडे मात्र ज्वारी चांगली, हुरडा चांगला आणि कणीस चांगलें. एकाच ताटाची तीन लिंगें! म्हणून मराठी कार्डावर एकटें नाम कधींच नसावें. सोबत एक विशेषण हवें. दुसरें, आपलें ‘आम्ही’ व ‘आपण’. कानडीला दोहोंसाठीं ‘नावु’ पुरतें. नवी सून पाहुण्याला प्रेमानें ‘चला, आम्ही जेवूं’ म्हणाली, तर पाहुणा पाटावरून उठेल. हें कार्ड नियम सांगून भागणार नाहीं; तें प्रसंगाचें असावें.

आतां व्यवहार. मोठीं ॲपें शिकणाऱ्याला रोज आठवणी पाठवितात, सलग किती दिवस आलांत त्याचा हिशेब दाखवितात, आणि एक दिवस चुकला तर जणूं अपराध घडला असें वाटावयास लावतात. लहान दुकानदारानें ही रीत उचलूं नये. त्यानें सांगावें : रोज दहा मिनिटें, पांच नवे शब्द, १०० दिवसांत ५०० होतील, त्यांतले कांहीं विसराल, ते आम्ही पुन्हां पुढें आणूं. इंटरनेट नसतांनाहि कार्डें चालावींत, आणि वडील माणसांसाठीं तीं कागदावर छापतांहि यावींत. दवाखान्याचीं कार्डें सर्वांना फुकट असावींत. दुष्काळांत बादशाही कोठार उघडणाऱ्या दामाजीपंतांच्या गांवीं याचें कारण समजावून सांगावें लागूं नये. बाकी भागासाठीं माफक किंमत एकदांच घ्यावी. यशाचें माप किती वेळ मोबाइल हातांत होता हें नसावें. एक महिन्यानें दुभाषाशिवाय बाजार झाला कीं नाहीं, हें असावें. जाहिरातीला पैसा नसतांना हेंच एक माप जाहिरात करतें, कारण बाजार करून आलेला माणूस तें शेजाऱ्याला सांगतो.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा सीमेवर किती गिऱ्हाइकें मिळणार? शंका रास्त आहे. २०११ च्या जनगणनेंत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते आणि कन्नड सांगणारे ४ कोटी ३७ लाख. पण यांतले सगळेच शेजारभाषा शिकावयास निघालेले नाहींत, हें उघड आहे. या उद्योगांत कोणी धनाढ्य होईल असें मी म्हणणार नाहीं. मात्र बेळगांव, निपाणी, बीदर व कारवार येथें हाच शेजार आहे. खुद्द सोलापुरांत मराठी व तेलुगु एका गल्लींत नांदतात. गडचिरोलींत मराठीशेजारीं गोंडी आहे. एका ठिकाणीं रीत बसली कीं ती दुसरीकडे नेतां येईल. न्यावयाची ती मात्र रीत. शब्द त्या त्या गांवचे नव्यानें गोळा करावे लागतील. तो कंटाळा ज्याला नाहीं, त्याचें दुकान गर्दींतहि ओळखूं येईल.

त्या आजोळच्या आजीकडे शेवटीं वळतों. कानडींत तिला ‘अज्जि’ म्हणतात. तो शब्द नातवाला शिकवावा लागणार नाहीं. त्याच्याजवळ तो आहेच. त्याच्या पुढचे पांचशें शब्द आजी आहे तोंवर त्याच्या कानीं पडावे, एवढी घाई मात्र या कामांत आहे. विसरण्याचें गणित शास्त्रज्ञांनीं मांडून दिलें आहे. कोणते शब्द विसरूं द्यावयाचे नाहींत, हें गांवानें ठरवावयाचें आहे.