अर्थशास्त्र अडते ते वाक्यापाशी

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती महाविद्यालयात इंग्रजी पाठ्यपुस्तक पडले, की त्याची पहिली गाठ अर्थशास्त्राशी नव्हे, तर इंग्रजी वाक्याशी पडते. मागणीचा नियमच घ्या. ‘डिमांड फॉल्स इफ प्राइस रायझेस, अदर थिंग्ज बीइंग इक्वल’ हे वाक्य तो शब्दाला शब्द लावीत वाचतो. ‘मागणी घटते’ हा परिणाम आधी भेटतो, ‘किंमत वाढल्यास’ हे कारण मागाहून येते. उत्तरपत्रिकेत मग ‘मागणी घटल्याने किंमत वाढते’ असे उफराटे विधान उमटते! इतर परिस्थिती कायम राहण्याची अट, जिच्यावाचून हा नियम लंगडा, ती तर शेवटी असल्यामुळे गळूनच जाते. गुण जातात अर्थशास्त्राचे; चूक असते वाक्य लावण्याची.

मराठीची घडण निराळी. ‘वाघाने शिकाऱ्याला मारले’ म्हणा, की ‘शिकाऱ्याला वाघाने मारले’ म्हणा. मेला तो शिकारीच. कर्ता कोण आणि कर्म कोणते, हे प्रत्यय सांगतात. इंग्रजीत ‘टायगर’ आणि ‘हंटर’ यांच्या जागा बदलताच मरणारा बदलतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही नामांना विभक्तिप्रत्यय होते. पुढील चार-पाच शतकांत ते बहुतांशी झिजले आणि त्यांचे काम शब्दक्रमाकडे आले. एवढा इतिहास सांगावयास पाच मिनिटेही लागत नाहीत. आपण मात्र शब्दार्थांच्या वह्या भरवून घेतो. वाक्यातील मुख्य क्रियापद शोधावयास शिकवीत नाही.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा नाही. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. तरीही ‘असे कर्मचारी, की ज्यांनी अर्ज केले आहेत, त्यांनी’ अशी वाक्ये कचेऱ्यांच्या परिपत्रकांत अद्याप भेटतात. नाम आधी सांगून त्याचे वर्णन करणारे उपवाक्य मागून जोडणे, ही इंग्रजीची रीत. ‘अर्ज केलेल्या कर्मचाऱ्यांनी’ एवढ्यावर मराठीचे भागते. शब्द मराठी आणि सांगाडा इंग्रजी, असे हे भाषांतर वाचताना कारकुनाला मूळ इंग्रजी मसुदाच बरा वाटला, तर नवल काय?

गेली काही वर्षे मी वर्गात एक साधा प्रयोग करतो. मुख्य क्रियापदाखाली रेघ ओढावयाची, ‘इफ’ आणि ‘अनलेस’ यांना वर्तुळ करावयाचे आणि तेच विधान ‘जर-तर’ घालून मराठीत लिहावयाचे. हे काम इंग्रजी विभागाचे, असे काही सहकारी म्हणतात. इंग्रजीचे प्राध्यापक म्हणतात, अभ्यासक्रमात त्यासाठी तासिका नाहीत. माझ्याही नाहीत. तूर्त सत्राचे पहिले चार तास मी त्यातच घालवतो.