वजनाचा काटा आणि सुनेचें पान

लठ्ठ मनुष्यास आहाराविषयीं उपदेश करावयास जो तो पुढें येतो. कृश मनुष्याची मात्र सर्वत्र वाहवा होते. प्रस्तुत लेखकानें शाळेंत संस्कृत शिकवीत सारा जन्म काढला आणि आपल्या सडपातळ बांध्याचा अभिमान बाळगला. उंची ५ फूट ४ इंच, वजन ५८ किलो. पुंडलिकनगरांतील आमच्या घरच्या काट्यानें मला कधींहि दोष दिला नाहीं. दोन वर्षांपूर्वीं सहज म्हणून रक्त तपासलें, तों मधुमेह निघाला! डॉक्टरांनीं वजनाकडे पाहिलेंहि नाहीं. टेप घेऊन पोटाचा घेर मोजला. तो ९४ सेंटिमीटर भरला. भारतीय पुरुषांस ९० आणि स्त्रियांस ८० ही मर्यादा मानतात.

हातपाय बारीक आणि पोट पुढें, ही मूर्ति आपल्या घरांतून नवी नाहीं. तिचें शास्त्र उलगडण्याचें मोठें कार्य पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं केलें. २००४ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचें छायाचित्र प्रसिद्ध झालें. उंचीच्या मानानें वजन पाहण्याचा जो अंक आहे, तो दोघांचाहि २२.३. परंतु शरीरांतील चरबी मोजली, तेव्हां युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. काट्यास हा भेद कळणें शक्यच नव्हतें.

हा भेद येतो कोठून? बैठें काम व अति खाणें हीं कारणें आहेतच. पण त्याचें एक मूळ याहून मागें, मातेच्या उदरांत, सांपडतें. १९९३ पासून याज्ञिकांच्या पथकानें पुण्याजवळच्या सहा गांवांतील स्त्रियांचा गर्भधारणेपूर्वींपासून अभ्यास केला. त्या मातांचें वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास, आणि त्यांच्या बाळांचें २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडांतील साउदॅम्पटन येथील बाळें ३.५ किलोंचीं. आपलीं बाळें सर्वच बाबतींत लहान असतील असें वाटलें होतें, तसें नव्हतें. स्नायु कमी होते, पोटाचा घेर कमी होता. चरबी मात्र त्या मानानें राखलेली होती. बाहेरून रोड दिसणारें बाळ जन्मतःच मेदाकडे झुकलेलें!

याच अभ्यासांतील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. मातेनें एकंदर किती उष्मांक पोटांत घातले, याचा बाळाच्या वाढीशीं फारसा संबंध दिसला नाहीं. ज्या माता पालेभाज्या, फळें आणि दूध वारंवार घेत, त्यांचीं बाळें अधिक भरलेलीं होतीं. शिवाय निम्म्याहून अधिक मातांच्या रक्तांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतें. शाकाहारी घरांत तें मुख्यतः दुधादह्यांतूनच मिळतें.

हें वाचलें तेव्हां आमची सूनबाई पांच महिन्यांची गर्भवती होती.

माझ्या मधुमेहानंतर घराचें वेळापत्रकच बदललें होतें. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं प्रसृत केलेली पद्धति महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे: दिवसांतून दोनच भोजनें, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आंत, आणि रोज ४५ मिनिटें चालणें. डॉक्टरांस विचारून मीं ती धरली, चिरंजीवांनींहि धरली. गर्भिणीसाठीं व वाढत्या मुलांसाठीं ती नव्हे, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु पथ्याची कोशिंबीर आणि पालेभाजी आमच्या पानांत प्रथम पडे. मग मुलें, मग सासूबाई, आणि सर्वांचें आटोपल्यावर सूनबाई.

एके दिवशीं मीं मुद्दाम स्वयंपाकघरांत डोकावलों. मेथीचें भांडें पुसून निघालेलें, दही संपलेलें. पानांत भात, वरण आणि लोणचें.

"सूनबाई, भाजी राहिली नाहीं का ग?"

"भात आहे ना, बाबा. माझें कांहीं अडत नाहीं."

त्या रात्रीं मीं घरांत विषय काढला. आमच्या सौभाग्यवती शांतपणें म्हणाल्या, "मी चाळीस वर्षें शेवटींच जेवलें. तेव्हां कोणीं भांडें पाहिलें?" यावर मजजवळ उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

दुसऱ्या दिवसापासून सर्वांचीं पानें एकदम मांडावयाचीं असें ठरलें. सूनबाईच्या वांट्याचें दूध व दही सकाळींच वेगळें निघूं लागलें. पालेभाजी घरांत कमी होण्याचें खरें कारण ती निवडण्याचा कंटाळा. तें काम मीं पत्करलें. अंबाडी, चुका, शेपू, तांदुळजा यांची जुडी घेऊन मी रोज सायंकाळीं नातवासह बसतों. निवृत्त मास्तरास याहून सोपी सेवा कोणती?

प्रमाणाविषयीं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं दिलेला हिशेब ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. २००० उष्मांकांच्या दैनंदिन आहारांत धान्य २५० ग्रॅम, डाळी ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळें १०० ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिलिलीटर. म्हणजे भाजी धान्याहून अधिक! आपण मात्र भाजीस 'तोंडीं लावणें' म्हणतों आणि पोळी-भातानें पोट भरतों. गर्भिणीस यांतील दूध, डाळ व भाजी अधिकच हवी. किती, तें तिच्या वैद्यांस विचारावें.

चरकसंहितेंत निंद्य शरीरांची गणना केली आहे, तींत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाहि समावेश आहे. वर्गांत हा संदर्भ मीं अनेक वेळां सांगितला; दुसऱ्या शब्दाकडे मात्र कधीं थांबून पाहिलें नाहीं.

मला नात झाली. तिचें वजन सांगून मी सिद्धांत मांडणार नाहीं. एका बाळावरून शास्त्र ठरत नसतें. माझा घेर ९१ वर आला आहे, इतकें खरें.

वाचकहो, वजनाचा काटा घरांत अवश्य ठेवावा, जोडीला टेपहि ठेवावा. पण आज रात्रीं घरांतील शेवटचें माणूस जेवावयास बसेल, तेव्हां उठून भाजीच्या भांड्याचें झांकण एकदां उघडून पाहावें.