जमिनीतले जस्त, ताटातले जस्त आणि अन्ननलिकेचा कर्करोग



खांब परिसरात मातीपरीक्षणासाठी नमुने घेताना जस्ताचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. जस्त कमी पडले तर भात तांबूस पडते, मग माणसात जस्त कमी पडले तर पोटाचा, घशाखालचा कर्करोग होतो का? प्रश्न रास्त आहे. घरात असा रुग्ण असला म्हणजे खनिजांच्या महागड्या गोळ्या घेण्याकडे मन ओढले जाते, म्हणून थोडे खोलात जाऊ.

शस्त्रक्रियेत काढलेली गाठ आणि तिच्या शेजारचा निरोगी भाग वाळवून, आम्लात विरघळवून त्यातील जस्त, तांबे, लोह मोजता येते. त्यासाठी वापरले जाणारे अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन यंत्र तुमच्या मातीतले जस्त मोजणाऱ्या प्रयोगशाळेतही असते. अशा मोजणीत बऱ्याच अभ्यासांत गाठीमध्ये तांबे जास्त आढळले. जस्ताबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत.

इथे एक अडचण आहे. पानांचे पृथक्करण करताना रोगट पान नमुन्यात घेऊ नये, असे आम्ही नेहमी सांगतो. करप्याने वाळलेल्या पानातील अन्नद्रव्ये रोगामुळेच बदललेली असतात. गाठीचेही तसेच आहे. तिच्यातील कमीजास्त खनिजे रोगाचे कारण आहेत की परिणाम, हे नुसत्या मोजणीवरून कळत नाही.

रोग होण्यापूर्वीच नमुना घेतला तर? चीनच्या हेनान प्रांतातील लिनशियान या शेतीप्रधान भागात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे आहे. तेथे १९८५ मध्ये दुर्बिणीने तपासणी करताना अन्ननलिकेचे बारीक तुकडे घेऊन जपून ठेवले होते. पुढे १६ वर्षे त्या लोकांवर लक्ष ठेवण्यात आले. कर्करोग झालेल्या ६० व न झालेल्या ७२ जणांचे तुकडे क्ष-किरणांच्या साह्याने तपासले, आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या अन्ननलिकेत जस्त सर्वांत जास्त, त्यांना रोगाचा धोका सर्वांत कमी जस्त असलेल्यांच्या सुमारे एक पंचमांश होता.

एवढे वाचून कोणीही गोळ्या घेण्यास धावेल. पण त्याच लिनशियानमध्ये १९८६ ते १९९१ या काळात २९,५८४ लोकांवर पूरक आहाराचा प्रयोग झाला होता. त्यांतील निम्म्यांना रोज जस्त व 'अ' जीवनसत्त्व दिले, तरी अन्ननलिकेचा कर्करोग कमी झाला नाही. सेलेनियम, 'ई' जीवनसत्त्व व बीटा कॅरोटिन एकत्र घेणाऱ्यांत जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू घटले, पण तेथील आहार मुळातच निकृष्ट होता, हे विसरू नये. शिवाय जस्ताची गोळी दीर्घकाळ जास्त घेतली तर शरीरात तांब्याची कमतरता होते.

तेव्हा जस्त ताटातून घ्यावे. पॉलिश केलेल्या तांदळात ते कमी असते, नाचणीत त्याच्या जवळपास दुप्पट. कडधान्यांत फायटिक आम्ल जस्ताला धरून ठेवते, मोड आणल्यावर ते कमी होते. आपल्याकडचे वालाचे बिरडे या दृष्टीने शास्त्रशुद्धच म्हणावे लागेल! खाडीकाठची कालवे तर जस्ताने अतिशय समृद्ध.

शेतात जस्त द्यायचे ते पिकासाठी. सतत पाणी साचून राहणाऱ्या खाचरात आणि पेणकडील खार जमिनीत पिकाला जस्त कमी मिळण्याची शक्यता असते. लावणीनंतर दोन ते चार आठवड्यांत खालच्या पानांवर तांबूस ठिपके आले व फुटवे कमी राहिले तर मातीपरीक्षण करावे. जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी आढळल्यास हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट द्यावे. ते सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नये. फुलोऱ्यानंतर ०.५ टक्के फवारणी केल्यास दाण्यातील जस्त वाढते, परंतु कर्करोग टाळण्यासाठी म्हणून कोणी खत विकत असेल तर घेऊ नये.

आपल्याकडे तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचे मोठे कारण जस्तापेक्षा तंबाखू आहे. बांधावर बसून मळलेली, बिडीतली आणि घरातील बायका दातांना लावतात ती मिश्रीसुद्धा. मिश्रीला तंबाखू मानतच नाहीत, ही खरी पंचाईत! कोरडा घास अडकू लागला, पाण्याचा घोट घेतल्याशिवाय भात उतरेना, वजन घटू लागले, तर दोन आठवड्यांपेक्षा जास्त वाट न पाहता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. परळचे टाटा रुग्णालय व आपल्याच जिल्ह्यातील खारघर येथील त्याचे केंद्र, दोन्ही ठिकाणी उपचाराची सोय आहे.