माळावरची ही तुळस सब्जा नव्हे

हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

आज ज्या झाडाबद्दल बोलायचं आहे, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. रस्त्याच्या कडेला, गायरानात, पडीक वावरात पावसाळ्यात कमरेइतकं, कधी डोक्याइतकं वाढतं. खोड चौकोनी, अंगावर लव, फुलं बारीक निळसर-जांभळी. पान चुरगाळलं की पुदिन्यासारखा उग्र वास येतो आणि हात धुतले तरी बराच वेळ जात नाही. कुणी रानतुळस म्हणतं, कुणी विलायती तुळस, कुणी दर्पतुळस. मला दर्पतुळस हेच नाव पटतं, कारण दर्प म्हणजे उग्र वास, आणि तो तर आहेच.

मागच्या वर्षी आमच्या गटातली एक ताई दिवाळीनंतर पिशवीभर बी घेऊन आली. म्हणाली, "रस्त्याकडेला सब्जा पडलाय नुसता, आपण पाकिटं करून विकू." आम्ही चमचाभर बी पाण्यात टाकलं. थोड्या वेळात फुगलं, भोवती पांढरी बुळबुळीत साय धरली. सगळ्या खूश! एका दुकानदाराला शब्दही देऊन बसलो. मग गटातल्या थोरल्या काकूंनी कोरडं बी तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "हा सब्जा नव्हं गं." दुकानात जाऊन शब्द मागे घ्यावा लागला. लाज वाटली, पण माल जाण्याआधी कळलं हे बरं.

काकूंनी ओळखलं कसं, ते ऐका. सब्जाचं बी बारीक, काळं आणि लांबट गोल असतं. दर्पतुळशीचं बी मोठं, चपटं, साधारण तीन-चार मिलिमीटर, आणि टोकाला खाच असते. झाड उभं असेल तर आणखी सोपं. सब्जाला तुळशीसारखी लांब मंजिरी येते आणि एका बोंडात चार बिया असतात. दर्पतुळशीला पानांच्या बगलेत फुलांचे छोटे झुपके येतात. तिच्या बोंडाला सुईसारखे पाच ताठ काटे असतात आणि आत बहुधा दोनच बिया. तीच बोंडं लुगड्याला चिकटून घरापर्यंत येतात.

मग हे झाड विषारी आहे का? तसं नाही. ते मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण मुलखातलं. तिकडे मेक्सिकोत या बियांना 'चान' म्हणतात. कोलिमा भागात बी भाजून, दळून, पाण्यात कालवून वर गुळाचा पाक घालतात आणि ते सरबत रस्त्यावर विकतात. त्याला 'बाते' म्हणतात. म्हणजे खाणारे खातात. पण ते चान म्हणून विकतात, आपण सब्जा म्हणून विकणार होतो. गिऱ्हाइकाला एक सांगून दुसरं देणं बरोबर नाही. शिवाय रस्त्याकडेच्या झाडावर धूळ, धूर, कधी तणनाशकही पडलेलं असतं. आणि गरोदर बाईने कुणी सांगितलं म्हणून याचा पाला किंवा काढा घेऊ नये.

खरं दुखणं वेगळंच आहे. या वासामुळे गुरं तिला तोंड लावत नाहीत, शेळीसुद्धा टाळते. शेळी टाळते म्हटल्यावर काय समजायचं ते समजा! चरताना गवत संपतं आणि ही मागे उरते. एका झाडाला ढीगभर बी, तेही सगळं एकाच पावसात उगवत नाही, मातीत थांबून राहतं. जिथे टाकळा, कुर्डू खुडायला जायचो, तिथे आता हिचीच दाटी. चारा लांब गेला की पायपीट कुणाची वाढते, हे मी सांगायला नको.

कापून उपयोग नाही, बुडातून पुन्हा फुटते. श्रावण-भादव्यात, फुलं धरायच्या आत, जमीन ओली असताना मुळासकट उपटायची. बी धरलेली नसेल तर खताच्या खड्ड्यात खुशाल टाका. बोंडं वाळल्यावर उपटायला गेलात तर उपटताना पेरणीच होते.

उपटलेलं वायाही घालवू नका. आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊ देशात लोक डास हाकलायला हाच पाला वापरतात, आणि त्याने डास कमी होतात हे तिथे तपासूनही पाहिलेलं आहे. संध्याकाळी गोठ्यापाशी ओलसर पाल्याचा धूर करा, पण बंद खोलीत, तान्ह्या बाळाजवळ नको. आमच्याकडे काही जणी कोंबड्यांच्या खुराड्यात फांद्या टाकतात.

आम्ही गेल्या श्रावणात पाणवठ्याकडची एक पट्टी उपटली. यंदा तिथे पुन्हा उगवलीच आहे, पण विरळ. पुढच्या सोमवारी परत जाणार आहोत, त्या ताईही येणार आहेत, रिकामी पिशवी घरी ठेवून.