बर्फाच्या मुलखातले पाहुणे गोराईच्या पुळणीवर

डिसेंबर आला की बोरिवलीतल्या ट्रॅव्हल कंपन्यांच्या पाट्यांवर मनाली आणि गुलमर्ग झळकू लागतात. बर्फात चालायचं, घसरायचं, थंडीने गाल लाल करून घ्यायचे, ही हौस चांगलीच. पण त्याच दिवसांत बर्फाच्या मुलखातले मूळ रहिवासी उलट्या वाटेने खाली उतरतात आणि बोरिवलीपासून एका खाडीपलीकडे मुक्काम ठोकतात. गोराईची ओळख करून द्यायची तर मी त्यांच्यापासूनच सुरुवात करेन.

किनाऱ्यावर थव्याने बसणारा तपकिरी डोक्याचा कुरव घ्या. लडाख आणि तिबेटच्या उंच सरोवरांकाठी त्याची वीण होते. हिवाळ्यात ती सरोवरं गोठतात, खाणं बर्फाखाली जातं आणि कुरवांना निघावंच लागतं. गोराईत पोचेपर्यंत त्यांच्या डोक्याचा तपकिरी रंग गेलेला असतो. उरतं पांढरं डोकं आणि डोळ्यामागे एक काळपट ठिपका, म्हणून नाव वाचून शोधायला गेलेला माणूस गोंधळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो तपकिरी बुरखा पुन्हा चढू लागतो. एकाच थव्यात कुणाचं डोकं पांढरं, कुणाचं अर्धवट रंगलेलं, असं दिसलं की परतीचे वेध लागले हे ओळखावं.

माझा जीव मात्र सँडरलिंगवर. वजन जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम, घरटं सायबेरियाच्या पार उत्तर टोकाला, आर्क्टिकच्या टुंड्रात. लाट मागे सरली की हा तिच्यामागे धावतो, ओल्या वाळूत चोच खुपसून बारीक किडे टिपतो, पुढची लाट फुटली की तिच्यापुढे पळत सुटतो. पाय काळे कुळकुळीत आणि इतके भरभर चालणारे की वेगळे दिसतच नाहीत. तो थांबला तर दुर्बिणीतून त्याचा पाय नीट बघा: मागचं बोट नाही. त्याच्या कुळातल्या बहुतेक पक्ष्यांना ते असतं, याला नाही. त्याच्याच आसपास चिखल्यांचे थवे असतात. त्यांची रीत वेगळी. चार पावलं पळायचं, थबकायचं, बघायचं, मग टिपायचं.

हे सगळं पाहायचं तर सकाळ गाठावी. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्यांच्या अंगावर पडतं. भरतीच्या वेळी ते कोरड्या वाळूवर गप्प बसून असतात. ओहोटी सुरू झाली की ताट वाढल्यासारखे कामाला लागतात. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा आदल्या दिवशी कोष्टक बघून ठेवलेलं बरं.

जाताना एक लक्षात ठेवा: बोरिवलीची गोराई वसाहत वेगळी आणि खाडीपलीकडचं गोराई गाव वेगळं. जेट्टीवरून बोट घ्यायची, दोन्ही काठांना तिवरं, समोर जागतिक विपश्यना पॅगोडाचा सोनेरी कळस. 2009 साली खुल्या झालेल्या या पॅगोडाच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि आठ हजार साधक एका वेळी ध्यानाला बसू शकतात. शेजारी 1989 मध्ये सुरू झालेलं एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन उद्यान. तिथली बर्फाची स्केटिंग रिंक हा उपनगरातल्या कित्येक मुलांच्या पायाला लागलेला पहिला बर्फ. एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे.

बोटीत सायकल चढवता येते आणि मला वाटतं, गोराई सायकलवरूनच पाहावी. दक्षिणेला मनोरी, उत्तरेला उत्तन. वाटेत ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची कौलारू घरं, दारापुढचे क्रूस, वाड्या, आणि कोळीवाड्यांशी बांबूंच्या मांडवांवर सुकत घातलेले बोंबील. बोंबील सुकवायचे ते याच कोरड्या हवेत, त्यामुळे हिवाळा हा इथल्या बायकांच्या कष्टाचा हंगाम. वासाला नाक मुरडून पुढे जाऊ नका. थांबा, बोला, विकत घ्या.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. थवा दिसला की त्यात धावत शिरून, पक्षी उडवून व्हिडिओ काढायची खोड फार बोकाळली आहे. सोबत आणलेली कुत्री मोकळी सोडतात, वाळूवर गाड्या घालतात. पक्षी उडतात, पुन्हा बसतात, आपल्याला काहीच बिघडलेलं दिसत नाही. पण या पाखरांना हजारो किलोमीटर परत जायचं असतं आणि त्याचं इंधन म्हणजे इथे खाऊन अंगावर साठवलेली चरबी. दर उड्डाणाला त्यातली थोडी जळते, शिवाय ओहोटीची खायची वेळ वाया जाते. लांबूनच बघावं. मुलांना सोबत न्यावं, पण वाळूत बसवावं. थवा चरत चरत आपणहून जवळ येतो, असा माझा अनुभव आहे.

ऑक्टोबर ते मार्च हा मुक्काम. एप्रिलमध्ये उकाडा वाढतो, तिकडचा बर्फ वितळायच्या बेतात येतो आणि पुळण रिकामी होऊ लागते. तेव्हा जायचं तर थंडी सरायच्या आत, आणि शक्यतो रविवार सोडून.